तारीख आधी, अंदाज नंतर

"डिसेंबरअखेर गो-लाइव्ह आहे. क्लायंटला सांगून झालंय. जमेल ना?"

पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कंपनीत चार वर्षं काढलेल्या माणसाला हा प्रश्न पाठ असतो आणि उत्तरही. "जमेल" म्हणवत नसेल तर तो म्हणतो, "बघू या, करू काहीतरी." विचारणारा ते "जमेल" असंच लिहून घेतो. मग एक्सेलची शीट उघडते, डिसेंबरपासून उलटं मोजत सगळे मागे येतात आणि चाचणीच्या वाट्याला दहा दिवस उरतात. कामाला किती वेळ लागेल हे अजून कुणी शोधलेलं नसतं. किती वेळ द्यायचा हे मात्र ठरून गेलेलं असतं.

कंपन्यांमधले प्रकल्प का रखडतात यावर आजवर ढिगाने लिहिलं गेलं आहे. उद्दिष्ट धूसर, कामाची व्याप्ती वाढत गेली, माणसं अपुरी पडली, संवाद नव्हता, वरिष्ठांचं पाठबळ नव्हतं. यादी खरी आहे. पण पन्नास वर्षांत ती फारशी बदललेली नाही, आणि ती पाठ असलेल्या माणसांचेही प्रकल्प रखडतातच. मला वाटतं, यादीतल्या बहुतेक अडचणींची मुळं एकाच जागी जातात: कंपनीत खरी माहिती असते, पण ती वेळेवर वर पोचत नाही, कारण पोचवणाऱ्याला ते महाग पडतं. हा आढावा त्याच अंगाने घेतला आहे.

आधी आकडे. बेंट फ्लूब्यर्ग या डॅनिश अभ्यासकांनी जगभरच्या प्रकल्पांचा हिशेब वर्षानुवर्षं गोळा केला. धरणं, रेल्वे, इमारती, संगणक प्रणाली, सगळंच. २०२३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकामागे १६ हजारांहून अधिक प्रकल्पांची नोंद आहे. ठरलेला खर्च आणि ठरलेली मुदत दोन्ही सांभाळणारे त्यात ८.५ टक्के निघाले. ज्या फायद्यासाठी काम काढलं तो फायदाही पदरात पडला, असे उरले अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एक. संगणक प्रणालींच्या बाबतीत तर १८ टक्के प्रकल्प असे हाताबाहेर जातात की त्यांचा खर्च सरासरी ४४७ टक्क्यांनी वाढतो. ज्या कंपनीचा प्रकल्प या १८ टक्क्यांत सापडतो, तिला बाकीच्या ८२ टक्क्यांची सरासरी ऐकून काय समाधान मिळणार?

आता पहिली गोची, अंदाजाची. माणूस स्वतःच्या कामाबद्दल आशावादी असतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला नाव दिलं, पण तिचा मासला काहनेमन यांनी स्वतःवरूनच सांगितला आहे. इस्राएलमध्ये शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. काम केव्हा संपेल, असं प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगितलं. उत्तरं आली दीड ते अडीच वर्षांची. मग गटातल्या अभ्यासक्रमतज्ज्ञाला त्यांनी विचारलं की असे इतर गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती वेळ लागला? तो जरा गप्प झाला. म्हणाला, सुमारे ४० टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. हाच माणूस पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या कागदावर इतरांसारखाच आकडा लिहून मोकळा झाला होता! पुस्तक पुरं व्हायला आठ वर्षं लागली आणि तोवर शिक्षण खात्याचा त्यातला रस संपला होता. ते वापरलंच गेलं नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं: माहिती समोर आल्यावरही गटाने काम थांबवलं नाही की आकडा बदलला नाही. सगळ्यांनी ऐकलं आणि पुढचा विषय घेतला. आपल्या बैठकांत हे दर आठवड्याला घडतं.

आशावाद निष्पाप असतो, घासाघीस तशी नसते. वरचे लोक अंदाज निम्मा करणार हे ठाऊक असलेला टीम लीड तो आधीच दुप्पट सांगतो. तो दुप्पट सांगतो हे ठाऊक असलेला साहेब न ऐकताच निम्मा करतो. तुळशीबागेत हे ठीक आहे, तिथे दोघांनाही वस्तूची खरी किंमत साधारण माहीत असते. प्रकल्पात ती कुणालाच माहीत नसते. शेवटी ठरलेला आकडा कोण किती दबला यावर ठरतो, आणि पुढे वर्षभर त्यालाच 'बेसलाइन' म्हणायचं. शिवाय निविदा जिंकायची किंवा संचालकांची मंजुरी मिळवायची असते तेव्हा आकडा जाणूनबुजून कमी सांगणारेही असतातच. खरा आकडा सांगितला तर काम मिळणार नाही आणि खोटा सांगितला तर काम होणार नाही. बहुतेक जण दुसरा धोका पत्करतात, कारण तो एक वर्ष लांब असतो.

व्याप्तीचं दुखणं मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, या म्हणीतली दोन्ही कामं प्रकल्पच आहेत. दोन्हींत "आता निघालोच आहोत तर एवढंही करून टाकू" हे वाक्य खर्चाचा घात करतं. कंपनीत ते "छोटासाच चेंज आहे" असं येतं. पण खरी मोठी चूक अशा छोट्या मागण्यांत क्वचितच असते. ती असते सुरुवातीला न विचारलेल्या एखाद्या प्रश्नात. जर्मनीतल्या लिडल या किराणा साखळीने २०११ पासून सॅप कंपनीची संगणक प्रणाली बसवायला घेतली आणि २०१८ मध्ये काम गुंडाळलं. तोवर सुमारे ५० कोटी युरो गेल्याच्या बातम्या आल्या. सांगितलं गेलेलं एक कारण साधं आहे. लिडल मालाचा हिशेब खरेदीच्या किमतीने ठेवत आली होती आणि तयार प्रणाली विक्रीच्या किमतीने ठेवत होती. कंपनीने आपली रीत बदलायची की प्रणाली वाकवायची? प्रणाली वाकवायचं ठरलं आणि ती वाकवता वाकवता सात वर्षं गेली. हा प्रश्न तंत्राचा दिसतो, पण "तुमच्या हिशेबाची पद्धत तुम्ही बदलायला हवी" हे मालकाला तोंडावर सांगायचं धाडस कुणाचं, असा तो खरा आहे.

आता माणसं आणि अधिकार. कंपनी बांधलेली असते तेच काम रोज नीट व्हावं म्हणून. खाती, हुद्दे, मंजुऱ्या, वार्षिक मूल्यमापन सगळं त्यासाठीच. प्रकल्प या घरात पाहुणा असतो. प्रोजेक्ट मॅनेजरकडे माणसं येतात ती उसनी. त्यांची पगारवाढ त्यांच्या खात्याचा प्रमुख ठरवतो, रजा तोच मंजूर करतो, आणि त्याच्याकडे तातडीचं काम निघालं की तो त्यांना परत बोलावतो. जबाबदारी पूर्ण, अधिकार विनवणीचा. चाकणच्या कारखान्यात डिझाइन, खरेदी, टूलरूम आणि क्वालिटी या चार खात्यांच्या मध्ये उभा असलेला इंजिनिअर आणि हिंजवडीत सहा जणांची टीम तीन क्लायंटमध्ये वाटून बसलेली मॅनेजरबाई, दोघांचं गाऱ्हाणं एकच.

टोयोटामध्ये गाडीच्या मुख्य अभियंत्याचीही स्थिती कागदावर तशीच असते, वेगवेगळ्या खात्यांतली माणसं थेट त्याच्या हाताखाली नसतात. पण त्याच्या शब्दाला वजन असतं. १९९० च्या दशकात 'प्रियस' घडवताना ताकेशी उचियामादा यांनी संबंधित खात्यांच्या लोकांना एका मोठ्या खोलीत एकत्र आणलं. भिंतींवर काम, अडचणी, तारखा सगळं लावलेलं. जपानीत 'ओबेया' म्हणजे मोठी खोली, बस. हे नाव पुढे जगभर गाजलं आणि अनेक कंपन्यांनी खोल्या बांधल्या. भिंतीवर अडचण लावणाऱ्याला कुणी बोल लावणार नाही, हा भाग बांधकामात येत नाही म्हणून राहून गेला.

आपल्याकडे याच्या उलट टोकाचं उदाहरण कोकण रेल्वेचं. १९९० मध्ये केंद्र आणि चार राज्यांनी मिळून स्वतंत्र महामंडळ काढलं आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. इथे प्रकल्प पाहुणा नव्हता, प्रकल्प हीच कंपनी होती. नेहमीच्या रेल्वे खात्यात ज्या फायली महिनोन्महिने फिरल्या असत्या त्या इथे जागेवर निकालात निघत. तरीही पाच वर्षांत करायचं ठरलेलं काम सात वर्षांहून थोडं जास्त चाललं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे, त्यातल्या गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ ओल्या मातीने अक्षरशः दमवलं, आणि गोव्यातल्याच मार्गबदलाच्या आंदोलनाने वेळ खाल्ला. अधिकार हातात असला तरी माती आणि माणसं आपल्या गतीनेच जातात. पण उशीर झाला तेव्हा तो कुठे आणि कशामुळे झाला हे सगळ्यांना दिसत होतं. कंपन्यांच्या आतल्या प्रकल्पांबद्दल एवढंही बहुधा म्हणता येत नाही.

उशीर दिसला की हमखास उपाय एकच: माणसं वाढवा. आयबीएमच्या सिस्टिम ३६० चं सॉफ्टवेअर हाताळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलं की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं घातली की त्याला आणखी उशीर होतो. हिशेब शाळेतला आहे. पाच जणांत बोलण्याच्या जोड्या १०, दहा जणांत ४५, पंधरा जणांत १०५. शिवाय नव्याला शिकवायला तोच जुना माणूस लागतो जो आधीच बुडालेला आहे. भारतीय आयटीत याला एक खास फोडणी असते. इथे अनेक कंपन्यांत नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. आज मंजूर झालेला माणूस प्रत्यक्षात यायला पुढची तिमाही उजाडते, आणि दरम्यान त्याने तेच ऑफर लेटर दाखवून दुसरीकडे वाढ मिळवलेली असते. उलट बाजूने, तुमचा मोहरा राजीनामा देतो तेव्हा तीन महिने तो खुर्चीवर असतो आणि कामात नसतो. वेळापत्रकात मात्र तो शंभर टक्के उपलब्ध.

पद्धतींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, जरी बाजारात सगळ्यात जास्त तेच विकलं जातं. हेन्री गँट यांचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते शंभर वर्षांचे झाले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ कंपनी आणि अमेरिकी नौदलाने कामांच्या जाळ्यांची गणितं आणली. १९७० मध्ये विन्स्टन रॉइस यांनी पायरीपायरीने उतरणाऱ्या कामाचं चित्र काढलं आणि त्याच लेखात असं सरळ उतरणं जोखमीचं आहे असं बजावलं. लोकांनी चित्र उचललं, इशारा सोडला. २००१ मध्ये सतरा सॉफ्टवेअर तज्ज्ञ अमेरिकेतल्या युटातल्या बर्फाळ डोंगरात जमले आणि अजाइलचा जाहीरनामा निघाला. आज बऱ्याच ठिकाणी अजाइल म्हणजे रोज सकाळी पंधरा मिनिटांच्या नावाखाली पाऊण तास उभं राहणं. प्रत्येक पद्धत चांगली आहे. कुठलीही पद्धत घाबरलेल्या माणसाकडून खरं वदवून घेऊ शकत नाही.

आणि इथे आपण मुख्य दुखण्यापाशी येतो. साप्ताहिक स्टेटस. हिरवा, पिवळा, लाल. आयटीतले लोक अशा अहवालाला कलिंगड म्हणतात: वरून हिरवा, आत लाल. ते कसं पिकतं हे पाहण्यासारखं आहे. डेव्हलपर म्हणतो, "दोन गोष्टी अडल्यात, पण होतील." लीड लिहितो, "किरकोळ अडचणी, नियंत्रणात." मॅनेजर त्याचा पिवळा करतो. डिलिव्हरी हेडसमोर जाताना पिवळा नको म्हणून तो हिरवा होतो, शेजारी एक छोटी टीप. संचालकांच्या स्लाइडवर टिपेला जागा नसते. यात कुणीही सरळ खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाने फक्त थोडी साय वर काढली.

असं कलिंगड विमानाचंही असू शकतं. बोइंगने ८ जुलै २००७ रोजी ड्रीमलायनर हे नवं विमान जगाला दाखवलं. अमेरिकी पद्धतीने तारीख लिहिली तर ७-८-७, विमानाचं नाव ७८७, म्हणून हाच दिवस. हजारोंनी टाळ्या वाजवलेलं ते विमान आतून पोकळ होतं. कायमचे फास्टनर मिळाले नव्हते, तात्पुरते लावले होते. पहिलं विमान मे २००८ मध्ये ग्राहकाला द्यायचं होतं. ते दिलं गेलं सप्टेंबर २०११ मध्ये. भाग बनवणारे पुरवठादार जगभर विखुरलेले, आणि त्यांच्याही खालच्या पुरवठादारांकडे काय चाललंय हे बोइंगला पुरेसं दिसत नव्हतं. विमान दाखवायची तारीख मात्र आकड्यांच्या गमतीवरून ठरली होती.

बोइंगच्या प्रवासी विमानांचा विभाग सांभाळणारे अॅलन मुलाली त्याआधीच, २००६ मध्ये, फोर्डमध्ये गेले होते. त्यांनी दर गुरुवारी वरिष्ठांची बैठक सुरू केली आणि प्रत्येकाला आपली कामं रंगात दाखवायला सांगितली. पहिल्या काही बैठका सगळ्या हिरव्या. त्या वर्षी फोर्डला १२ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. मुलालींनी शेवटी विचारलं की आपण अब्जावधी गमावतोय आणि काहीच चुकत नाही का? पुढे एका गुरुवारी मार्क फील्ड्स यांनी 'एज' या नव्या गाडीसमोर लाल खूण लावली. दोष सापडला होता, गाडी बाजारात आणणं थांबवलं होतं. खोली गार. सगळ्यांना वाटलं, आता हा गेला. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला मदत कोण करेल? मिनिटाभरात इतरांनी माणसं देऊ केली. त्यानंतरही दुसऱ्या कुणी लगेच लाल खूण लावली नाही. फील्ड्स अजून नोकरीत आहेत हे डोळ्यांनी पाहिल्यावरच मग तक्ते रंगीत होऊ लागले. 'मोकळेपणाने बोला' असं नुसतं सांगून भागत नाही, पहिल्या बोलणाऱ्याचं काय झालं ते सगळे बघतात.

शेवटच्या टप्प्यात हेच लपवणं बिल म्हणून समोर येतं. अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेट कंपनीने नव्या संगणक प्रणालीसाठी ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत बसवलं आणि जुलै १९९९ मध्ये ती चालू केली. समोर हॅलोवीन, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाल्याने दुकानाच्या वह्या, गोदाम आणि पोरं एकदम बदलावीत तसं. गोदामात चॉकलेट होतं, ते कुठे आहे हे प्रणालीला कळत नव्हतं. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर पुऱ्या झाल्या नाहीत. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांहून अधिक ग्राहक एकाच दमात नव्या प्रणालीवर नेले आणि १९ लाखांपर्यंत ग्राहकांची खाती बंद दाराआड गेली. नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला, आणि पुढच्या वर्षी तिच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखालाही वैयक्तिक दंड झाला. काम दुसऱ्या कंपनीला दिलं होतं, तिने तयार असल्याचं कळवलं होतं; ते तपासून घेणं तुमचं काम होतं, असं नियामकांचं म्हणणं. हा दंड आपल्याकडच्या व्हेंडर मीटिंगांच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

चालू झालं म्हणजे संपलं, हाही एक भ्रम. टाटांच्या टेल्को कंपनीने पुण्यात इंडिका ही गाडी घडवली, त्यासाठी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना उचलून आणला आणि डिसेंबर १९९८ मध्ये गाडी बाजारात आणली. ट्रक बनवणाऱ्या कंपनीसाठी हा पराक्रमच होता. पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीने तक्रारी नाकारल्या नाहीत, दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये 'व्ही-टू' आणली. लोकांच्या लक्षात राहिली ती ही दुसरी.

यावर उपाय काय, तर दोनच मला मनापासून पटतात, आणि दोन्ही जवळपास फुकट आहेत. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी मांडलेला एक खेळ आहे. काम सुरू होण्याआधी टीमला सांगायचं की वर्ष उलटलंय, प्रकल्प पार बुडालाय, आता तो का बुडाला ते प्रत्येकाने लिहा. एरवी अशुभ बोलणारा म्हणून ज्याला गप्प बसवतात, त्याला इथे ते बोलण्याचंच काम दिलेलं असतं. आपल्याकडे "सुरुवातीलाच नकारघंटा नको" ही भावना घट्ट असल्यामुळे तर याची गरज जास्त.

दुसरा उपाय काहनेमन यांच्या गटाने ऐकून सोडून दिला तो. स्वतःच्या कामाकडे बघून अंदाज बांधू नका, तशाच मागच्या कामांना खरोखर किती वेळ लागला ते बघा. त्यासाठी ती नोंद असावी लागते. बहुतेक कंपन्यांत ती नसते, कारण बेसलाइन तीन वेळा बदलून शेवटी प्रत्येक प्रकल्प कागदावर वेळेतच पुरा झालेला असतो. तेव्हा वाचक कुठल्याही कंपनीत असोत, सोमवारी एवढं विचारून बघा: आपल्या मागच्या पाच प्रकल्पांची पहिल्यांदा सांगितलेली तारीख आणि खरी तारीख एका कागदावर मिळेल का? मिळाला तर पुढचा अंदाज त्या कागदावरून द्या. नाही मिळाला तर चालू प्रकल्पाची पहिली तारीख आजच कुठेतरी लिहून ठेवा, कुणी बदलायच्या आत.